डावीकडे मोकळं

४ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांनी आज आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन नट आणून बसवले. एक बाई, एक बुवा. सिनेमा निघतोय म्हणे, गस्तीवरच्या पोलिसांच्या आयुष्यावर. गोळीबार नाही, पाठलाग नाही, गाणी नाहीत — "फक्त माणसं", असं दिग्दर्शक म्हणाला. मग बघायला कोण येणार, असं अगदी ओठांवर आलं होतं. साहेब शेजारी उभे होते. गिळलं.

ती मी होणार. तो माझा गस्तीतला जोडीदार होणार. महिनाभर मागे बसून आम्ही कसं बोलतो, कसं उतरतो, कंटाळा कसा करतो ते शिकणार. "तुमची जोडी ठाण्यातली सगळ्यात जुनी," साहेब म्हणाले. घरातल्या कपाटाबद्दल बोलावं तशा सुरात.

गस्तीच्या गाडीचे मागचे दरवाजे आतून उघडत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच फेरीत दोन शेजाऱ्यांची कुंपणावरून जुंपली होती, ती सोडवायला आम्ही उतरलो. परत आलो तर दोघं काचेला नाकं लावून बसलेले.

"ताई, आम्हाला अटक झाली का?" ती म्हणाली.

"अजून नाही," जोडीदार म्हणाला. "आधी सिनेमा बघू, मग ठरवू."

त्यांनी नावं सांगितली होती. मी तिला नक्कलबाई म्हणणार, त्याला नक्कलराव. इथे, कागदावर. तोंडावर अजून नाही.

७ सप्टेंबर, सोमवार

मागे प्रेक्षक असले की आपण रोज किती मूर्खासारखं बोलतो ते समजतं.

नक्कलरावाने विचारलं, "दादा, प्रत्येक वळणाला तुम्ही ताईंना 'डावीकडे?' म्हणून विचारता. आरसा आहे की."

"आरसा उत्तर देत नाही," जोडीदार म्हणाला.

आणि आरसा तसाही तडकलेलाच आहे. पालिकेचे खांब मुद्दाम याच्या आडवे येतात, असं याचं म्हणणं.

तो विचारतो, मी बघते, "मोकळं" म्हणते, गाडी वळते. दिवसभर हेच. नवरा-बायकोत इतका संवाद होत नाही — निदान आमच्याकडे तरी नाही. खरं कारण मी त्या पोरांना सांगितलं नाही. इथे सांगते. माझा डावा कान गेलाय. थोडाबिडा नाही, पार गेलाय. त्या बाजूने रेडा धावत आला तरी मला डोळ्यांनीच कळणार. म्हणून हा मला सारखा डावीकडे बघायला लावतो. बोलून दाखवत नाही, सांभाळून घेतो. असा माणूस आहे.

पाण्याची बाटली मात्र त्याच्या हातात ठेवावी लागते. नुसती पुढे धरली तर घेत नाही, राजेसाहेब समोर बघत बसतात. लाडावलाय.

९ सप्टेंबर, बुधवार

कानाचा विषय काढलाच आहे तर पुरा करते.

काही वर्षांपूर्वी मैदानावरच्या बंदोबस्तात गर्दीतून कुणीतरी फेकलेला फटाका आमच्या डाव्या अंगाला फुटला होता. दवाखान्यात दोघं शेजारशेजारच्या खाटांवर. त्याच्या डोळ्यावर पट्टी, माझ्या कानात कापूस. पट्टी काढून डॉक्टरने विचारलं, "दिसतंय?" तो म्हणाला, "लख्ख." मग माझा कापूस काढला. "ऐकू येतंय?" मीही म्हटलं, "लख्ख." दोघांतलं एकजण खोटं बोलत होतं, आणि ती मी.

जोडीदाराने लवकरच ओळखलं. एक शब्द बोलला नाही. फक्त वायरलेसवर निरोप आला की तो मोठ्याने परत म्हणायला लागला, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा. आधी आम्ही अर्धी पाळी मी, अर्धी तो अशी गाडी चालवायचो. पण चालवायला बसलं की वायरलेस आणि जोडीदार दोन्ही माझ्या डाव्या हाताला येतात. म्हणून एके दिवशी म्हटलं, "यापुढे तूच चालव."

"मी? कायमचा?" म्हणाला. मला वाटलं, काम वाढलं म्हणून रुसला. पण चावी घेतली. तेव्हापासून मी रजा टाकली की तोही टाकतो. दुसऱ्या कुणाला शेजारी बसवत नाही. त्याची बायको मला म्हणते, "माझ्या आजारपणात नाही हो इतक्या रजा काढल्या यांनी."

वर्षाची तपासणी आम्ही अशी निभावतो. कानाच्या वेळी डॉक्टर मागे उभे राहून शब्द कुजबुजतात — कमळ, कबूतर, कढई. बदलत नाहीत. जोडीदार माझ्या आधी आत जातो आणि बाहेर येताना ओठांनी सांगतो, तेच आहेत. डोळ्यांच्या तक्त्याच्या वेळी मात्र मला पुढे ढकलतो. "बायकांचा मान." वर बजावतो, "खणखणीत वाच हं. डॉक्टर म्हातारे झालेत." मी वाचते. शाळेत कविता म्हणायचे तशी, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत.

१४ सप्टेंबर, सोमवार

तळघरात जावं लागलं. चोरीची एक सायकल जमा करायची होती.

मुद्देमाल खोली. जप्त केलेलं, सापडलेलं, कुणी न नेलेलं सगळं तिथे. तपासणीत नापास झालेली माणसंही तिथेच. म्हणजे हरवलेल्या छत्र्या आणि हरवलेले पोलीस एकाच फळीवर. खिडकी नाही. एक दिवा, एक टेबल, एक खुर्ची. खुर्चीवरचा बाबा गुडघ्याच्या आजारापायी खाली गेला होता. या महिन्यात निवृत्त होतोय. मला बघून खुलला.

"बसा ना."

"कुठे बसू?"

"तेही खरंच," म्हणाला. "इथे दुसरं कुणी कधी येतच नाही."

वर येऊन गाडीत बसले. खिडकी खाली केली. जोडीदार म्हणाला, "काय गं, भूत बघितलंस का?" म्हटलं, "नाही. जागा रिकामी होतेय, ती बघून आले."

१७ सप्टेंबर, गुरुवार

नक्कलबाई आज एका दुकानदाराशी बोलत होती. मी गाडीला टेकून उभी. तो बोलायला लागला तशी तिने मान थोडी डावीकडे वळवली, उजवा गाल पुढे केला, हनुवटी खाली. आणि थांबली.

ती मी होते. आरशात मी स्वतःला इतकी स्पष्ट कधी दिसलेली नाही.

ही पोर माझा कान शिकतेय. तिला कळलेलं नाही काय शिकतेय ते, पण शिकतेय. आणि हे मोठ्या पडद्यावर दिसणार. साहेब बघणार, डॉक्टर बघणार, सगळं ठाणं बघणार. एवढी वर्षं लपवलेलं भिंतीएवढं करून दाखवणार!

१८ सप्टेंबर, शुक्रवार

साहेब म्हणाले, "कशी करतेय तुमचं काम?"

"हुबेहूब," म्हटलं.

२० सप्टेंबर, रविवार

सुट्टी. घरी सासूबाई.

यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं आणि त्याचा त्यांना कणभर संकोच नाही. कानात यंत्र. ऐकायचं नसलं की काढून डबीत. माझा नवरा बोलायला लागला की डबीचं झाकण वाजतं. मला आमच्या घरात सगळ्यात हेवा वाटतो तो या डबीचा.

मी भाजी चिरत होते. त्या डावीकडून काहीतरी म्हणाल्या असाव्यात. मग फिरून उजवीकडे आल्या, समोरची सुरी उचलून बाजूला ठेवली, आणि म्हणाल्या, "डावा ना?"

"काय आई?"

"माझ्यापाशी नको सोंग करूस. या धंद्यात मी तुझ्याहून जुनी आहे. कधी गेला?"

सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी तोंडाने सांगितलं.

"मग यंत्र घाल."

"यंत्र घातलं तर गाडीतून उतरवतील."

"उतरवू देत. मरशील का उतरून?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. खिडकी नाही, एक खुर्ची, छत्र्या. पण त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं होतं.

२२ सप्टेंबर, मंगळवार

आज माणूस मेला असता.

लाँड्रीच्या कोपऱ्यावर वळायचं होतं. नक्कलबाई मागून काहीतरी विचारत होती. मी पूर्ण मागे वळून तिला सांगत होते. जोडीदार म्हणाला, "डावीकडे?" आणि मी न बघता म्हटलं, "मोकळं." सवयीने. जांभई द्यावी तसं.

पोस्टमन सायकलवरून येत होता. आमच्या चाकाने त्याचं मागचं चाक उडवलं. तो फूटपाथवर, सायकल गाडीखाली, टपाल रस्ताभर. आम्ही उतरलो, तर नक्कलबाई आत काच बडवत होती — उघडा, मला उतरू द्या. घाईत कुणी उघडलंच नाही तिला. ती आतून बघत राहिली सगळं.

कोपर सोललं, गुडघ्याला मार, बाकी शाबूत. बिचारा एवढंच म्हणत होता, "घंटा वाजवली हो मी. सारखी वाजवत होतो."

दवाखान्यात नेलं. जोडीदाराने त्याच्यापुढे हात जोडले. "तक्रार द्यायची तर द्या काका, मी अडवणार नाही."

"कुणाकडे देऊ?" पोस्टमन म्हणाला. "तुमच्याचकडे?"

परतलो. ठाण्यापाशी जोडीदार म्हणाला, "चूक माझी."

"मोकळं मी म्हटलं."

"गाडी मी चालवत होतो."

"घंटा मला ऐकू यायला हवी होती."

यावर तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. मग उतरून गाडीचा पत्रा बघत बसला. दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायची खोडच आहे त्याला. मला ते आज सहन होत नाहीये.

२३ सप्टेंबर, बुधवार

साहेबांना जाऊन सांगायचं ठरवलं. दारापर्यंत गेले. आत फोन चालू होता. थांबले. फोन संपला. तरी थांबले. मग शिपाई म्हणाला, "जायचंय का आत?" म्हटलं, "नाही रे, वारा घेतेय."

दाराबाहेर पंखाही नाही.

३० सप्टेंबर, बुधवार

त्यांचा शेवटचा दिवस. परवापासून शूटिंग. नक्कलबाईला एकटीला गाठलं, गाडी धुतात तिथे.

"एक सांगू? ती मान वळवायची लकब आहे ना, ती टाकून दे. बरी दिसत नाही. कोंबडीसारखी वाटते."

"अहो ताई, तेच तर धरून मी सगळं उभं केलंय!"

"म्हणजे?"

"माणूस बोलायला लागला की तुम्ही अख्ख्या त्याच्याकडे वळता. त्याला वाटतं, जगात आपलंच कुणीतरी ऐकतंय. त्या कुंपणवाल्या म्हाताऱ्याचा आवाज कसा खाली आला बघितलंत ना? मी आजवर इतकं लक्ष देऊन ऐकणारं कुणी बघितलं नाही."

चाळिशी उलटल्यावर कुणी माझं पहिल्यांदा कौतुक केलं आणि तेही मी बहिरी आहे म्हणून. तिला खरं सांगावं तर ती नीट, जाणूनबुजून बहिऱ्या बाईचं काम करेल — चांगली नटी आहे. न सांगावं तर आहे तेच होणार. दोन्हीकडून दार बाहेरून बंद.

"बरं, ठेव," म्हटलं.

मग ती हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी पोस्टमनचं मी दिग्दर्शकांना सांगितलं. त्यांना ते सिनेमात हवंय. चालेल ना?"

९ ऑक्टोबर, शुक्रवार

शूटिंग बघायला बोलावलं. जोडीदार आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

गोदामात आमची गाडी उभी होती, म्हणजे अर्धी. कॅमेरा घुसायला तिची डावी बाजू कापून टाकलेली. तोच तडकलेला आरसा, तीच सीटवरची फाटकी शिवण, वायरलेसला गुंडाळलेला तोच चिकटपट्टीचा तुकडा. सगळं पोरांनी टिपलंय. दिग्दर्शक म्हणाला, "बसा ना तुमच्या जागी."

बसले. डावीकडे दारच नाही. पाय बाहेर टाकला की थेट जमिनीवर, मग गोदामाचं फाटक, मग रस्ता. कुणी अडवणार नाही. आजवर बसलेल्यातली ही एकच गस्तीची गाडी जिच्यातून कुणीही केव्हाही उठून जाऊ शकतं.

चहा येईपर्यंत बसून राहिले. सीटबेल्ट लावला होता, ते उठताना कळलं.

१८ नोव्हेंबर, बुधवार

आज आरशाला आणखी एक तडा. "खांब," जोडीदार म्हणाला. "हो, चालत आला असेल," मी म्हटलं. नेहमीसारखे हसलो.

३ डिसेंबर, गुरुवार

सूचनाफलकावर कागद. जानेवारीपासून कानाची तपासणी यंत्रावर. माणूसभर रुंदीची बंद पेटी, कानांवर डबे, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आधी एक कान, मग दुसरा. दार बाहेरून लावणार. डोळ्यांचं पूर्वीसारखंच, तक्त्यावर.

कमळ, कबूतर, कढई संपलं.

जोडीदाराने माझ्याआधी वाचलं होतं. म्हणजे शिपायाने त्याला वाचून दाखवलं, तो चष्मा घरी विसरला होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "काहीतरी करू."

"पेटीत तू पण येणार का माझ्याबरोबर?"

"जागा असती तर आलो असतो."

मग म्हणाला, "तू गेलीस तर मी कुणाबरोबर चालवू गं?" थट्टा नव्हती ती. आवाज बारीक होता. मला बरं वाटलं. एवढं आपलं कुणाला तरी वाटतं म्हणून — खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

११ डिसेंबर, शुक्रवार

सिनेमा झाला. खात्याने संमती द्यायची म्हणून आधी आम्हाला दाखवला. सगळं ठाणं, कुटुंबांसकट. पुढच्या रांगेत साहेब आणि डॉक्टर. सासूबाई यंत्र लावून, म्हणजे मनापासून आल्या होत्या. मी मध्ये, घामाने भिजलेली. जोडीदार पार कडेच्या खुर्चीवर.

नक्कलबाई पडद्यावर आली, मान वळवली, आणि मी डोळे मिटले. हशा येईल असं वाटलं. कुजबुज येईल. काही नाही. डोळे उघडले तर लोक गप्प बसून तिच्याकडे बघतायत. कुंपणवाला म्हातारा बोलतोय, ती ऐकतेय. मागे कुणीतरी नाक ओढलं.

मध्यंतरात साहेब तरातरा माझ्याकडे आले. "बाई, याला म्हणतात ऐकणं. नव्या भरतीच्या पोरांना हे शिकवायचं. तुमचं चित्र लावू या ठाण्यात, मान वळवलेलं." डॉक्टरांनी हात हातात घेतला. "तुम्हाला त्या पेटीत काय बसवायचं? असे कान असलेल्या बाईला? मी तसंच लिहून टाकतो." बाजूला सासूबाईंनी यंत्र काढून डबीत ठेवलं आणि छताकडे बघायला लागल्या.

सुटले! इतकी सुटले की खुर्चीत बसवेना.

मग उत्तरार्धात पोस्टमन आला.

घंटा. सगळ्या भिंतींतून, खुर्चीखालून. मी ती घंटा आज पहिल्यांदा ऐकली. चांगली मोठी आहे. बहिऱ्यालाही ऐकू येईल अशी, असं कुणीही म्हणेल.

पण मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. कॅमेरा नक्कलरावाच्या तोंडावर होता. तो म्हणतो, "डावीकडे?" आणि उत्तर येईपर्यंत त्याचा चेहरा — भुयाराच्या तोंडाशी उभं राहून कुणी तरी आतून हाक देईल म्हणून थांबलेल्या माणसाचा. ती "मोकळं" म्हणते तसा श्वास सुटतो, आणि तो वळवतो. घंटा वाजत असताना. एकदाच नाही. सबंध सिनेमाभर, प्रत्येक वळणाला तोच चेहरा. मी जोडीदाराला कधी असा बघितलेला नाही.

साहेब म्हणाले, "पोस्टमनचं तेवढं आपल्याकडे होत नाही, पण सिनेमात चालतं."

बाहेर नक्कलरावाला धरलं. "अरे, एवढा घाबरलेला कशाला दाखवलास? आमचा माणूस कशाला भीत नाही."

तो गोंधळला. "ताई, मी मनाचं काही केलं नाही. मागे बसून मधल्या आरशात महिनाभर जे दिसलं ते केलं. दादा असेच दिसतात, विचारताना."

म्हटलं, मग मला कसं नाही दिसलं कधी?

घरी आल्यावर कळलं. तो विचारतो तेव्हा मी डावीकडे बघत असते.

जोडीदार दिवे लागायच्या आत निघून गेला होता. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटून गेला, असं सासूबाई सांगत होत्या.

१२ डिसेंबर, शनिवार

सकाळची पाळी. गाडी ठाण्याच्या फाटकात, इंजिन चालू. मी पाण्याची बाटली त्याच्या डाव्या डोळ्यापाशी धरली. हातात दिली नाही. नुसती धरून ठेवली, हात भरून येईपर्यंत. त्या डोळ्याला पत्ताच नाही.

तो समोर बघत म्हणाला, "डावीकडे?"

मी त्याच्याकडे बघत होते. तोच चेहरा.

"गाडी बंद कर," म्हटलं. "साहेबांकडे जायचंय. दोघांनी."

त्याने चावी काढली. मुठीत धरून बसला. बाटलीसाठी हात पुढे केला, चाचपत; मी ती त्याच्या हातात ठेवली. पाणी प्यायला. मग म्हणाला,

"खाली तळघरात खुर्ची एकच आहे ना गं?"